सीसीटीव्हीने पाहिले, पण जपले कोणी? रेल्वे स्थानकांतील चित्रीकरण आणि ३० दिवसांचा प्रश्न

स्थानकांपाठोपाठ रेल्वेच्या डब्यांतही कॅमेरे येत आहेत. पण कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये किती दिवस टिकतात, ती कोणाच्या हाती असतात आणि न्यायालयात उभी राहतात का? प्रवाशांच्या दृष्टीने महत्त्वाच्या या प्रश्नांचे विश्लेषण.

समजा, सकाळच्या गर्दीत ठाण्याच्या फलाटावर लोकलमध्ये चढताना एक प्रवासी पडला आणि दगावला. घरच्यांचे पहिले दोन आठवडे रुग्णालय, पंचनामा, शवविच्छेदन आणि दिवसकार्य यांत जातात. महिना उलटल्यावर कोणीतरी सांगते, भरपाईसाठी दावा करता येतो, फलाटावरचे सीसीटीव्ही फुटेज मागवा. अर्ज जातो आणि उत्तर येते : चित्रीकरण उपलब्ध नाही. कॅमेरा चालू होता, त्याने सगळे टिपलेही होते. पण महिना झाल्यावर त्याच जागी नवे चित्रीकरण नोंदले गेले आणि जुने पुसले गेले.

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यामागची व्यवस्था खरी आहे. रेल्वेने जुलै २०२५ मध्ये सुमारे ७४ हजार डबे आणि १५ हजार इंजिनांत कॅमेरे बसवण्याचा निर्णय जाहीर केला. प्रत्येक डब्यात चार, तर इंजिनात सहा कॅमेरे असतील. कॅमेऱ्यांच्या संख्येची चर्चा त्यामुळे पुन्हा सुरू झाली. मात्र कॅमेऱ्याने पाहिलेले जपण्याची चर्चा तितकी होत नाही.

नेमके काय जपायचे आहे?

स्थानकातील सुरक्षा उपकरणे म्हटली की सीसीटीव्ही डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात यादी मोठी आहे. सामान तपासणारी क्ष-किरण यंत्रे, धातुशोधक दरवाजे, गाड्यांची वेळ दाखवणारे इंडिकेटर, उद्घोषणा यंत्रणा, आरपीएफ आणि स्थानक व्यवस्थापकांचे वॉकीटॉकी, मोफत वायफाय, तिकीट यंत्रे आणि या सगळ्यांना जोडणारे फायबरचे जाळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर देशातील २०२ संवेदनशील स्थानकांसाठी ‘एकात्मिक सुरक्षा व्यवस्था’ मंजूर झाली. तिच्यात कॅमेरे, प्रवेश नियंत्रण, सामान तपासणी आणि बॉम्बशोधक साधने यांचा एकत्रित विचार होता.

त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये पन्नासहून अधिक जणांचा बळी गेला. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याचा मार्ग सांगितला आणि अनेकांचे प्राण वाचले. पुढे अजमल कसाबविरोधातील खटल्यात सीसीटीव्हीतील दृश्ये आणि छायाचित्र पत्रकारांनी काढलेली छायाचित्रे हा महत्त्वाचा पुरावा ठरला. स्थानकातील उपकरणांची दोन कामे यातून दिसतात. घटना घडत असताना जीव वाचवणे आणि घडून गेल्यावर काय झाले ते सिद्ध करणे. दुसऱ्या कामासाठी नोंदी जपाव्या लागतात.

माहिती सुरक्षेच्या शास्त्रात धोके तीन प्रकारांत मांडले जातात. माहिती नाहीशी होणे, ती बदलली जाणे आणि ती नको त्या हातात जाणे. रेल्वे स्थानकाला हे तिन्ही लागू होतात.

स्थानकांतील यंत्रणा कशी चालते?

रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘रेलटेल’ ही सार्वजनिक कंपनी स्थानकांवर व्हिडीओ देखरेख यंत्रणा उभारत आहे. ‘निर्भया निधी’तून ९८३ स्थानके या योजनेत घेण्यात आली. या यंत्रणेत चार प्रकारचे कॅमेरे असतात. बंदिस्त जागेत घुमटाकार, फलाटांवर लांबट ‘बुलेट’, वाहनतळासारख्या मोकळ्या जागी फिरणारे आणि मोक्याच्या ठिकाणी अतिउच्च दर्जाचे. कॅमेऱ्यांतील दृश्ये फायबरने आरपीएफच्या ठाण्यात पोहोचतात आणि विभागीय व मुख्यालय पातळीवरील नियंत्रण कक्षांतही ती पाहता येतात.

जुलै २०२२ मध्ये रेल्वेने दिलेल्या माहितीनुसार हे चित्रीकरण ३० दिवस साठवले जाते. ‘महत्त्वाची’ दृश्ये त्याहून अधिक काळ ठेवता येतात, असेही तेव्हा सांगण्यात आले. कळीचा प्रश्न इथेच आहे. महत्त्वाचे काय, हे कोणी आणि कधी ठरवायचे?

१५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकातील चेंगराचेंगरीत १८ जणांचा मृत्यू झाला. चौकशीसाठी नेमलेल्या द्विसदस्यीय समितीने सुरुवातीलाच स्थानकातील सर्व चित्रीकरण सुरक्षित ठेवण्याचे निर्देश दिले. देशभर गाजलेल्या घटनेत हा आदेश लगेच निघतो. पण एकट्या प्रवाशाच्या मृत्यूसाठी, खिसा कापला गेल्यास किंवा छेडछाडीच्या तक्रारीत असा आदेश आपोआप निघत नाही. तो कोणालातरी मागावा लागतो.

३० दिवसच का?

उत्तर साठवणुकीच्या गणितात आहे. चांगल्या दर्जाचा एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट माहिती पाठवतो असे धरू. दिवसाला सुमारे ४३ जीबी आणि ३० दिवसांना १.३ टेराबाइट इतकी जागा लागते. शंभर कॅमेऱ्यांच्या स्थानकाला महिन्याच्या साठ्यासाठी १३० टेराबाइट हवेत. हेच वर्षभर ठेवायचे तर १,५८० टेराबाइटच्या आसपास जागा लागेल. डिस्क, त्यांची प्रत, वीज, वातानुकूलन यांचा खर्च त्याच पटीत वाढतो. म्हणून यंत्रणा वर्तुळात फिरते. साठा भरला की सर्वांत जुन्या दिवसावर नवा दिवस चढतो.

याच देशात दुसरे मापही आहे. पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्हीबाबत २ डिसेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालात (परमवीर सिंग सैनी प्रकरण) सर्वोच्च न्यायालयाने चित्रीकरण १८ महिने ठेवण्यास सांगितले. तेवढी क्षमता असलेली उपकरणे मिळत नसतील, तर किमान एक वर्ष. पोलीस ठाण्यात कॅमेरे कमी असतात, स्थानकात शेकड्यांनी असू शकतात, हा फरक मान्य करावा लागेल. तरीही एका ठिकाणी वर्ष आणि दुसऱ्या ठिकाणी महिना, ही दरी मोठी आहे.

त्याने प्रवाशाचे काय बिघडते?

रेल्वे कायद्यातील कलम १२४ अ नुसार गाडीतून पडण्यासारख्या ‘अनुचित घटने’त प्रवाशाचा मृत्यू झाल्यास वारसांना भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम ८ लाख रुपये आहे. त्यात चूक कोणाची, हे सिद्ध करावे लागत नाही. मात्र दोन गोष्टींवर वाद होतो. मृत व्यक्ती वैध प्रवासी होती का आणि ती गाडीतून पडली की रूळ ओलांडताना धडक बसली. रूळ ओलांडत होती असे ठरले, तर या कलमाखालील दावा फेटाळला जाऊ शकतो.

पहिल्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या रीना देवी प्रकरणात वारसांना दिलासा दिला. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे म्हणता येणार नाही. वारसांनी प्रतिज्ञापत्रावर माहिती दिली की पुढे सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर जातो. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र फलाटावरचे दोन मिनिटांचे चित्रीकरण कोणत्याही साक्षीदाराहून अधिक बोलके ठरू शकते.

आता मुदती शेजारी ठेवून पाहा. रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज करण्यास घटनेपासून एक वर्ष मिळते. चित्रीकरण टिकते ३० दिवस. माहिती अधिकारात अर्ज केला, तर उत्तर देण्यासाठी कार्यालयाला ३० दिवसांची मुदत आहे. म्हणजे घटनेच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज केला आणि कार्यालयाने नियमात बसून शेवटच्या दिवशी उत्तर दिले, तरी पुरावा हातचा जाऊ शकतो. कायद्याने दिलेला वेळ आणि यंत्राने दिलेला वेळ जुळत नाही.

मुंबईकरांसाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. उपनगरी रेल्वेमार्गांवर गेली काही वर्षे दरवर्षी दोन हजारांहून अधिक मृत्यू नोंदले जात आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलमधून प्रवासी पडले, तेव्हा काही दिवस देशभर चर्चा झाली. बाकीच्या बहुतेक मृत्यूंची नोंद स्थानक व्यवस्थापकाच्या मेमोपुरती राहते.

न्यायालयात फुटेज टिकते कसे?

चित्रीकरण मिळाले म्हणजे काम झाले, असेही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग असतात. पहिला, ज्याच्या ताब्यात यंत्र होते त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात ‘हॅश’ नमूद करावा लागतो.

हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. फाइल एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून काढली की अक्षरे आणि अंकांची एक ओळ मिळते. दोन तासांच्या चित्रीकरणातील एका चौकटीतला एक ठिपका बदलला, तरी ही ओळ पूर्ण बदलते. त्यामुळे प्रत काढताना नोंदलेला हॅश आणि न्यायालयात दाखवलेल्या फाइलचा हॅश जुळला, तर मधल्या काळात हात लागलेला नाही हे कळते. अट एकच, हॅश प्रत काढतानाच घ्यायला हवा. सहा महिन्यांनी घेतलेला हॅश आधीच्या सहा महिन्यांबद्दल काही सांगत नाही.

या विषयावरचा देशभर आधार मानला जाणारा निकाल जालन्यातून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील आणि बाहेरील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण हा त्यातील मुख्य पुरावा. अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळाले नव्हते. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मात्र एखाद्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि यंत्रणेनेच दिले नाही, तर त्याला दोष देता येणार नाही. तेव्हा जुना पुरावा कायदा होता, पण सूत्र आजही उपयोगाचे आहे. लेखी मागणी केली, याची पोच जवळ ठेवा.

आणखी एक साधी वाटणारी गोष्ट म्हणजे घड्याळ. गर्दीच्या वेळी उपनगरी मार्गावर तीन-चार मिनिटांनी गाडी येते. कॅमेऱ्याची नोंद करणाऱ्या यंत्राचे घड्याळ सात मिनिटे मागे असेल, तर चित्रीकरणातील वेळेनुसार दिसणारी गाडी भलतीच ठरते. शेजारच्या दोन कॅमेऱ्यांची घड्याळे वेगळी असली, तर माणूस पुलावरून उतरण्याआधीच फलाटावर पोहोचलेला दिसतो. बचाव पक्षाच्या वकिलाला एवढे पुरते. सर्व यंत्रे एकाच प्रमाण वेळेशी जोडणे हे अत्यंत स्वस्त काम आहे. ते नियमित तपासले जाते का, एवढाच प्रश्न.

उपकरणांना धोका कोणाकडून?

पहिला धोका अगदी जमिनीवरचा. केबलची चोरी, उंदीर, पावसाचे पाणी, धूळ, भिंगासमोरचे कोळ्याचे जाळे, फलाटावर नंतर उभारलेल्या जाहिरात फलकाने अडवलेली दृष्टी. खोलीतील यूपीएस बंद पडला की वीज गेलेल्या नेमक्या त्या दहा मिनिटांची नोंद होत नाही. रेल्वेची मालमत्ता चोरणाऱ्यांसाठी रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण बंद पडलेला कॅमेरा किती तासांत दुरुस्त व्हावा, याचे उत्तर देखभालीच्या कंत्राटातच शोधावे लागते.

दुसरा धोका पासवर्डचा. कॅमेरा कारखान्यातून येताना सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड घेऊन येतो आणि अनेकदा तोच कायम राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असेच कारखान्यातील पासवर्ड वापरून जगभरातील कॅमेरे आणि नोंदणी यंत्रे ताब्यात घेतली आणि त्यांच्या जोरावर मोठी संकेतस्थळे बंद पाडली.

तिसरा धोका प्रवाशांशी बोलणाऱ्या पडद्यांचा. १९ मार्च २०२३ रोजी पाटणा जंक्शनच्या फलाटांवरील टीव्ही पडद्यांवर जाहिरातीऐवजी सुमारे तीन मिनिटे अश्लील चित्रफीत दिसली. पडदे चालवणारी संस्था कंत्राटी होती. तिच्यावर गुन्हा दाखल झाला आणि कंत्राट गेले. जुलै २०२१ मध्ये इराणच्या स्थानकांतील फलकांवर सायबर हल्ल्यामुळे गाड्यांना विलंब होत असल्याचे संदेश झळकले आणि चौकशीसाठी थेट सर्वोच्च नेत्याच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक देण्यात आला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीचा संदेश जर्मनीतील स्थानकांच्या इंडिकेटरवर उमटला होता. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरील २०१७ ची चेंगराचेंगरी आठवली, की गर्दीत पसरलेली चुकीची माहिती किती महागात पडू शकते हे वेगळे सांगायला नको.

चौथा धोका आतल्या माणसाचा. २५ सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधील १९ मोठ्या स्थानकांच्या वायफायवर जोडणी करताच इस्लामद्वेषी मजकूर दिसू लागला. सेवा बंद करावी लागली. नंतर अटक झाली ती वायफायशी संबंधित सेवा देणाऱ्या कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला. स्थानकातील यंत्रणा अनेक उपकंत्राटदारांच्या हातून चालते. भक्कम कुलूप असले, तरी किल्ल्या किती जणांकडे आहेत हे कोणी मोजत नसेल, तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

कॅमेरे कुठले, हा मुद्दा का?

मार्च २०२१ मध्ये केंद्राने लोकसभेत सांगितले होते की, सरकारी संस्थांतील सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांतील दृश्ये परदेशातील सर्व्हरकडे जाण्याचा धोका आहे. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेचे किमान निकष अधिसूचित केले. ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. आता भारतात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी पार करावी लागते. आवरण सहज उघडता येऊ नये, माहिती कूटबद्ध होऊन जावी, प्रत्येक वापरकर्त्याला ठरवून दिलेलेच अधिकार असावेत, असे मुद्दे त्यात तपासले जातात. गरज पडल्यास आतील मूळ संगणकीय आज्ञावलीही पाहिली जाते.

याने नवी खरेदी सुधारेल. मात्र आधीच खांबांवर लागलेले कॅमेरे या नियमाने आपोआप बदलत नाहीत. त्यांच्यासाठी पासवर्ड बदलणे, आज्ञावली अद्ययावत करणे आणि कॅमेऱ्यांचे जाळे इंटरनेट व प्रवासी वायफायपासून पूर्ण वेगळे ठेवणे, हाच उपाय उरतो.

फुटेज बाहेर गेले तर?

माहिती नाहीशी होण्याइतकीच ती पसरणेही घातक. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका रुग्णालयातील महिला रुग्णांची सीसीटीव्ही दृश्ये समाजमाध्यमांवर विकली जात असल्याचे उघड झाले. तपासात कमकुवत पासवर्ड हे एक कारण पुढे आले. स्थानकातील कॅमेरे दररोज लाखो चेहरे टिपतात. कोण कोणाबरोबर, किती वाजता, कोणत्या गाडीत चढले, हे त्यातून कळते.

जानेवारी २०२५ मध्ये अभिनेता सैफ अली खानवरील हल्ल्यानंतर मुंबई पोलिसांनी पाठवलेल्या छायाचित्रावरून छत्तीसगडमधील दुर्ग स्थानकावर आरपीएफने एका प्रवाशाला ज्ञानेश्वरी एक्स्प्रेसमधून ताब्यात घेतले. त्याचे छायाचित्र काही तासांत देशभर पोहोचले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात दुसऱ्याच व्यक्तीला अटक झाली आणि या तरुणाची सुटका झाली. पण तोवर आपली नोकरी गेली आणि ठरत असलेले लग्नही मोडले, असे त्याने माध्यमांना सांगितले. इथे कोणतीही यंत्रणा हॅक झालेली नव्हती. छायाचित्र कोणी, कधी, कोणाला द्यायचे याचा ताळमेळ नव्हता.

केंद्राने २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार मुंबईतील सीएसएमटी आणि नवी दिल्लीसह सात मोठ्या स्थानकांवर चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवण्याची योजना आहे. यंत्राने दिलेली जुळणी ही शक्यता असते, ओळखपत्र नसते. ती तपासण्याची जबाबदारी माणसाचीच राहते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण बहुतांश बंधने टप्प्याटप्प्याने दीड वर्षात लागू होणार आहेत. शिवाय सरकारी यंत्रणांना गुन्ह्यांचा तपास आणि सुरक्षेसाठी मोठ्या सवलती आहेत. त्याच वेळी माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीचे अपवादाचे कलमही अधिक कडक झाले. म्हणजे प्रवाशाला स्वतःच्या अपघाताचे चित्रीकरण मागताना ‘इतरांची वैयक्तिक माहिती’ हे उत्तर मिळण्याची शक्यता वाढली आहे.

जबाबदारी नेमकी कोणाची?

कॅमेऱ्यांचे नियंत्रण आरपीएफकडे, म्हणजे केंद्राकडे. गुन्हा नोंदवणारे आणि तपास करणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे. यंत्रणा उभारणारी रेलटेल. देखभाल कंत्राटदाराची. अपघाताचा मेमो स्थानक व्यवस्थापकाचा. तपास अधिकाऱ्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली डिजिटल पुरावा लेखी आदेशाने मागवता येतो. पण तो आदेश निघेपर्यंत चित्रीकरण थांबवून धरणे हे कोणा एकाचे काम नाही आणि म्हणून ते राहून जाते.

सायबर घटनांसाठी नियम अधिक स्पष्ट आहेत. एप्रिल २०२२ च्या ‘सर्ट-इन’च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. ही तफावत पाहण्यासारखी आहे. यंत्रणेत कोणी शिरले याच्या नोंदी सहा महिने राहतात आणि फलाटावर कोण पडले याचे दृश्य एक महिना. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मात्र यंत्राने ठरल्या वेळी पुसले, तर हे कलम कोणाला लावणार?

प्रवाशाने काय करावे?

● वेळ मिनिटापर्यंत लिहून ठेवा. फलाट क्रमांक, पुलाची दिशा, इंडिकेटरवर लागलेली गाडी, डब्याची जागा. याशिवाय शेकडो तासांच्या चित्रीकरणातून दृश्य शोधणे कठीण असते.

● १३९ क्रमांकावर किंवा ‘रेलमदद’वर लगेच तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपा. गुन्हा कुठे घडला याचा वाद झाला, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची तरतूद आहे.

● गुन्हा दाखल होण्याची वाट न पाहता लोहमार्ग पोलीस, आरपीएफ ठाणे आणि स्थानक व्यवस्थापक यांना स्वतंत्र अर्ज द्या. मजकूर साधा ठेवा : ‘अमुक तारखेला, अमुक वेळेच्या आधीचे व नंतरचे अर्धा तास, अमुक फलाट व पुलावरील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रीकरण पुरावा म्हणून लागणार आहे. ते पुसले जाऊ नये, वेगळे जतन करावे.’ प्रत्येक अर्जावर तारखेसह पोच घ्या.

● प्रत मागणे आणि जतन करण्यास सांगणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत. प्रत नाकारली जाऊ शकते. जतन करण्याची मागणी आधी करा, प्रत नंतर न्यायालयामार्फतही मिळवता येते.

● स्वतः मोबाइलवर काही टिपले असेल, तर मूळ फाइल तशीच ठेवा. कापू नका, नाव बदलू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत आकसते आणि तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. फोन बदलायचा असेल, तरी जुना सांभाळून ठेवा.

● मोबाइल चोरीला गेल्यास ‘संचार साथी’वर तो बंद करून घ्या. स्थानकातील वायफायवर बँकेचे व्यवहार टाळा.

उपाय महाग आहे का?

सगळेच चित्रीकरण वर्षभर ठेवणे खर्चिक आहे, हे वरच्या गणितात दिसले. पण सगळे ठेवण्याची गरज नाही. एका अपघाताभोवतीचा एक तास घेतला, तर एका कॅमेऱ्याचे चित्रीकरण १.८ जीबी भरते. आजूबाजूच्या दहा कॅमेऱ्यांचे १८ जीबी. खिशातल्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ते मावेल. वर्षाला अडीच हजार घटना धरल्या, तर एकूण ४५ टेराबाइट. शंभर कॅमेऱ्यांचे एकच स्थानक एका महिन्यासाठी जेवढी जागा वापरते, त्याच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणून खरी गरज आहे ती एका नियमाची. स्थानक व्यवस्थापकाने अपघाताचा मेमो लिहिला किंवा लोहमार्ग पोलिसांनी तक्रार नोंदवली की त्या वेळेचे, त्या जागेचे चित्रीकरण आपोआप कुलूपबंद व्हावे. त्याच क्षणी हॅश निघावा, तो मेमोवर नोंदला जावा आणि दाव्याची मुदत संपेपर्यंत, दावा दाखल झाला तर निकाल लागेपर्यंत, ती फाइल राहावी. घड्याळे जुळलेली आहेत का आणि किती कॅमेरे बंद आहेत, याचा फलक स्थानक व्यवस्थापकाच्या खोलीबाहेर दर महिन्याला लागावा. यासाठी नवा कॅमेरा लागत नाही.

सध्या मात्र जतनाची सुरुवात प्रवाशालाच करावी लागते. तेही अशा दिवसांत, जेव्हा घरात कोणालाच काही सुचत नसते. नियम होईपर्यंत शेजारी, सहप्रवासी किंवा सोसायटीतील कोणीतरी त्या घराला एवढे जरी सांगितले, की जतनाचा अर्ज आजच द्या, महिनाभर थांबू नका, तरी एखाद्या कुटुंबाचा पुरावा वाचू शकतो.